घरचे ऐकणे : एक पेटी की सुटी यंत्रे?

इंदूरला राहणारे माझे एक जुने स्नेही गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी तीर्थयात्रेला निघतो, कुणी बागेत रमतो. या गृहस्थांनी माळ्यावरची एक लाकडी पेटी खाली काढली. तीत त्यांच्या वडिलांनी हौसेने जमवलेल्या साठ-सत्तर ध्वनिमुद्रिका होत्या. काही मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड तबकड्या, बाकीच्या ३३⅓ फेऱ्यांच्या दीर्घ मुद्रिका. वडील गेले, त्यांचा झाकणातच स्पीकर असलेला छोटा रेकॉर्ड-प्लेअर मोडीत निघाला, आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्या तबकड्यांवर सुई टेकली नव्हती. आता हाताशी वेळ आहे, निवृत्तीच्या रकमेतून बाजूला काढलेले थोडे पैसे आहेत, तेव्हा हे गाणे पुन्हा एकदा घरात वाजावे एवढीच त्यांची इच्छा.

ते बाजारात गेले आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. पहिला दुकानदार म्हणाला, "रिसीव्हर घ्या. एका पेटीत सगळे येते." दुसरा म्हणाला, "छे, छे! ज्याला गाण्याचा कान आहे तो रिसीव्हर घेत नाही. प्रत्येक यंत्र सुटे घ्यावे." मग स्नेह्यांनी मला पत्र लिहिले : "दोघांचेही ऐकून घेतले आणि रिकाम्या हाताने घरी आलो. पैसे एकदाच खर्च करता येण्याजोगे आहेत. चुकलो तर पुन्हा संधी नाही. शिवाय आईचे वय ८६. तिला सकाळी उठल्याबरोबर रेडिओ लागतो, आणि तो तिला स्वतःच्या हाताने लावता आला पाहिजे. आता तूच काय ते सांग."

त्या पत्राला मी जे उत्तर धाडले, त्याचाच थोडा विस्तार आज आपल्यापुढे मांडीत आहे. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. घरात चांगले ऐकायला मिळावे असे वाटणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे तो कधी ना कधी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानदाराच्या उत्साहावर सोडले जाते.

प्रथम हे पाहू की, तबकडीवरचे गाणे आपल्या कानापर्यंत पोहोचताना वाटेत कोणकोणती कामे व्हावी लागतात. खाचेतून फिरणाऱ्या सुईमुळे जी वीज निर्माण होते ती अगदी क्षीण असते. नेहमीच्या चुंबकी पद्धतीच्या सुईपासून मिळणारा दाब एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट, इतकाच. शिवाय ती वीज मूळ गाण्याशी इमान राखून नसते. तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच फार रुंद होऊन तबकडीवर थोडेच गाणे मावेल. आणि वरचे सूर मुद्दाम उचललेले असतात, म्हणजे सुईची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. १९५४ च्या सुमारास या उचल-दाबीचे एक ठरावीक प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाने मान्य केले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. म्हणून ऐकताना हे सारे उलटे करून घ्यावे लागते. या पहिल्या पायरीला 'फोनो' असे नाव आहे. सीडीच्या यंत्राला ती पायरी लागत नाही, कारण त्यातून मिळणारा दाब आधीच दोन व्होल्टांपर्यंत असतो.

दुसरी पायरी निवडीची : तबकडी ऐकायची, रेडिओ ऐकायचा की आणखी काही, आणि किती मोठ्याने. ही कामे पूर्व-विवर्धक, म्हणजे प्री-अॅम्प्लिफायर करतो. तिसरी पायरी बळाची. स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी शक्ती त्या विजेत ओतण्याचे काम शक्ति-विवर्धकाचे, म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायरचे. रेडिओसाठी ट्यूनर हवा. तो आकाशातून येणाऱ्या असंख्य लहरींतून आपल्याला हव्या त्या केंद्राच्या लहरी तेवढ्या वेचून घेतो. आणि शेवटी स्पीकर.

आता तिन्ही नावांचा अर्थ सहज लागेल. ट्यूनर, पूर्व-विवर्धक आणि शक्ति-विवर्धक ही तिन्ही एका पेटीत बसवली की तिला रिसीव्हर म्हणतात. ट्यूनर वगळून उरलेली दोन एकत्र ठेवली तर तो एकत्रित विवर्धक, म्हणजे इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर. आणि प्रत्येक काम निराळ्या पेटीकडे सोपवले तर ती सुटी यंत्रे. स्पीकर आणि तबकडी फिरवणारे यंत्र तिन्ही प्रकारांत वेगळेच घ्यावे लागतात.

सर्व एका पेटीत ठेवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सागवानी कपाटासारखा दिसणारा रेडिओग्राम ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती ठाऊकच आहे. त्यात तर स्पीकर आणि तबकडीचे यंत्रही कपाटातच असे. उलट अमेरिकेत १९५० च्या आसपास हौशी मंडळी सुटी यंत्रे घेऊन ती स्वतःच जोडीत. तारांचा तो गुंता सर्वांना झेपणारा नव्हता. १९५४ साली हार्मन-कार्डन या संस्थेने 'फेस्टिव्हल डी-१०००' नावाचे यंत्र काढले. त्यात ट्यूनर आणि दोन्ही विवर्धक एकत्र होते, आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही ते वापरता यावे हा त्यामागचा हेतू होता. १९६१ साली तिकडे एफ.एम.वर स्टीरिओ प्रसारणाला मान्यता मिळाली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत रिसीव्हर हा असंख्य घरांतील दिवाणखान्याचा भाग झाला.

या दोन पद्धतींची तुलना मी नेहमी एकत्र आणि विभक्त कुटुंबांशी करतो. एकत्र कुटुंबात चूल एक, म्हणून सरपण कमी. रिसीव्हरमध्येही सर्वांना वीज पुरवणारे रोहित्र बहुधा एकच असते, पेटी एक, बटणांची रांग एक, वायरही एकच. म्हणून तेवढ्याच कामासाठी तो स्वस्त पडतो. आतले घटक एकाच कारागिराने एकमेकांच्या मापाने बेतलेले असतात, हाही लाभच. पण एकत्र कुटुंबात एकाचे दुखणे सर्वांना पुरते, आणि तेही इथे खरे आहे. ट्यूनर बिघडला तर दुरुस्तीला सगळी पेटी जाते, आणि ती परत येईपर्यंत तबकड्याही मुक्या होतात. त्यातच फोनोची ती नाजूक वीज मोठ्या रोहित्राच्या शेजारीच वावरत असते. रचना चांगली नसेल तर गाण्यामागे एक मंद गुणगुण ऐकू येत राहते.

मग सुट्या यंत्रांचा आवाज अधिक चांगला असतो, हे म्हणणे कितपत खरे? पूर्वी त्यात बरेच तथ्य होते. आज चांगल्या बनावटीचा विवर्धक, मग तो रिसीव्हरमधला असो की सुटा, त्याच्या शक्तीच्या मर्यादेत वापरला तर दोहोंतील फरक नुसत्या कानाने ओळखणे फार कठीण असते. दुकानात तो ठळकपणे जाणवतो, त्याचे एक साधे कारण आहे. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तोच आपल्याला अधिक गोड आणि स्पष्ट वाटतो. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा करून घ्यावा, आणि आपल्या परिचयाचे एकच गाणे दोन्हींवर ऐकावे. दुकानदार थोडा नाराज होईल, पण आपली फसगत टळेल.

वॉटच्या आकड्यांविषयीही असाच गैरसमज आहे. समजा, एखाद्या स्पीकरची क्षमता ८७ डेसिबेल म्हणून लिहिली आहे. याचा अर्थ, एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर त्याचा आवाज ८७ डेसिबेल भरतो. दोन माणसांचे साधे बोलणे एका मीटरवर सुमारे ६० डेसिबेल असते. तेव्हा घरच्या खोलीत पुरेसा आवाज भरायला सरासरी एक-दोन वॉट पुरतात. तबल्याची थाप किंवा गायकाची वर चढलेली तान अशा क्षणी त्याच्या दहा-वीस पट शक्ती घटकाभर लागते. हे ध्यानात घेतले तर साध्या घराला दर बाजूस चाळीस-पन्नास वॉट भरपूर झाले. पन्नासांऐवजी शंभर वॉटचे यंत्र घेतले तर आवाज अवघ्या तीन डेसिबेलांनी वाढतो. मात्र अनेक स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरवर छापलेला आकडा पुष्कळदा एकाच वेळी एक-दोन बाजू चालवून मोजलेला असतो. म्हणून सर्व बाजू एकदम चालू असताना ८ ओहमच्या स्पीकरवर किती वॉट मिळतात, हे विचारून घ्यावे.

मला विचाराल तर, आवाजाचा दर्जा ठरतो तो स्पीकरवर आणि खोलीवर. पुरुष गायक काळी एकच्या पट्टीत गात असेल तर त्याच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांची कंप्रता साधारण १३९ असते आणि खर्जाची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९. लहान पेटीतला तीन-चार इंची स्पीकर हा ६९ चा मूळ सूर जवळजवळ देऊच शकत नाही. तो देतो त्या सुराचे वरचे स्वयंभू स्वर, आणि खालचा पाया आपला मेंदू कल्पनेने भरून काढतो. हे मेंदूचे कौतुक खरे. पण छातीत जाणवणारा खर्ज तो आणू शकत नाही. विवर्धक कितीही उंची आणला तरी स्पीकरने जे दिलेच नाही ते तो निर्माण करणार कुठून?

खोलीचेही तसेच. बारा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ कंप्रतेचा सूर अडकून घुमतो, दहा फूट रुंदीत ५६ च्या आसपासचा. स्पीकर कोपऱ्यात ठोकले की असले खालचे सूर आणखी फुगतात आणि बाकीचे गाणे त्यांच्याखाली गुदमरते. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढणे, फरशीवर सतरंजी घालणे, एका भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवणे, यांना फारसा खर्च नाही. पण महागडी पेटी बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा यांनी पडतो. यावरून खर्चाचा एक ढोबळ हिशेब करता येतो : जवळच्या रकमेपैकी निम्मी आधी स्पीकरसाठी वेगळी काढावी, आणि उरलेल्या निम्म्यातच पेटी एक की अनेक हा वाद घालावा.

हा उरलेला वाद सोडवण्यासाठी मी स्नेह्यांना एक कसोटी सुचवली. यंत्राचा कोणता भाग किती दिवसांनी जुना होतो, ते पाहावे. चांगला स्पीकर वीस-तीस वर्षे सहज टिकतो. त्याच्या कडेचा फोम विरला तर तो बदलता येतो. विवर्धकही तसाच दीर्घायुषी. वर्षांनी त्यातील धारित्रे बदलावी लागतात एवढेच. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १९४८ साली बाजारात आली आणि आजही नव्या यंत्रावर वाजते. याउलट अंकांच्या जगातील साधने फार लवकर म्हातारी होतात. चित्र आणि ध्वनी एकाच तारेतून नेणारी एचडीएमआय जोडणी या शतकाच्या आरंभी आली आणि तिच्या आवृत्त्या बदलत राहिल्या. २०१३ साली चित्रांची चोरी रोखणाऱ्या संकेतपद्धतीची नवी आवृत्ती निघाली, आणि जे रिसीव्हर ती जाणत नव्हते ते पुढे अधिक सूक्ष्म चित्र देणाऱ्या साधनांच्या वाटेत अडसर होऊन बसले. त्यांचे विवर्धक ठणठणीत होते. केवळ एका घटकाच्या म्हातारपणामुळे सगळी पेटी अडगळीत गेली.

परदेशातून मुलांनी हौसेने आणलेल्या रिसीव्हरांचीही हीच कथा. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टांची, जपानची १०० ची, आपली २३० ची; म्हणजे वेगळे रोहित्र आले. ते आणले तरी ट्यूनरचे काय? जपानमधील एफ.एम. पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून ९५ पर्यंतच आहे. अमेरिकेतील केंद्रांचे दशांश नेहमी विषम असतात, म्हणून तिथले पुष्कळसे ट्यूनर १०२.५ वरून थेट १०२.७ वर उडी मारतात, आणि दिल्लीच्या एफ.एम. रेनबोचे १०२.६ मधल्या मधे निसटते. वरच्या सुरांची जी उचल-दाब एफ.एम.मध्ये करतात तिचे मापही तिथे निराळे, म्हणून केंद्र लागले तरी आवाज किंचित मंद वाटतो. काही यंत्रांच्या मागे ही मापे बदलण्याची कळ असते; नसेल तर सगळी पेटी परकी ठरते. सुटा ट्यूनर असता तर तेवढाच बदलून भागले असते.

तेव्हा सूत्र असे : जे लवकर जुने होणार ते, आणि जे दीर्घकाळ टिकणार ते, एका पेटीत बांधू नये. दीर्घकाळ टिकणारे घटक मात्र खुशाल एकत्र नांदू द्यावेत.

या सूत्राने पाहिले तर निरनिराळ्या घरांना निरनिराळी उत्तरे मिळतात. ज्यांना घरात चित्रपट पाहायचे आहेत आणि पाच-सात स्पीकर बसवायचे आहेत, त्यांनी रिसीव्हरच घ्यावा. तेवढी कामे सुट्या यंत्रांनी करायची तर खर्च हाताबाहेर जातो. मात्र त्याच्या मागच्या बाजूस 'प्री-आउट' नावाच्या खोबणी आहेत ना, हे पाहून घ्यावे. त्या असल्या तर पुढे वेगळा शक्ति-विवर्धक जोडता येतो आणि पेटीला कायमचे बांधून घ्यावे लागत नाही. ज्यांना फक्त तबकड्या किंवा सीडी ऐकायच्या आहेत, रेडिओ नको, त्यांना एकत्रित विवर्धक हा मध्यममार्ग उत्तम. सगळी यंत्रे वेगवेगळी घेणे मी त्यांनाच सुचवीन, ज्यांचे स्पीकर जास्त शक्ती मागणारे आहेत, खोली मोठी आहे, आणि एकेक यंत्र सवडीने बदलण्यातच ज्यांना आनंद आहे. हौस म्हणून ते योग्यच आहे. अधिक पेट्या म्हणजे अधिक संगीत, एवढा मात्र समज नसावा.

कोणतीही पेटी घेतली तरी तिला मोकळी हवा द्यावी. रेडिओवर विणलेला रुमाल घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. विवर्धकावर तो घालणे म्हणजे उन्हाळ्यात माणसाला घोंगडी पांघरण्यासारखे. आतील धारित्रांचे आयुष्य, ढोबळ मानाने, दर दहा अंश उष्णता वाढली की निम्म्यावर येते. नागपूर-इंदूरकडच्या वैशाखात याचा विसर पडू देऊ नये.

माझ्या स्नेह्यांना मी कोणता सल्ला दिला? दोनच स्पीकर चालवणारा साधा रिसीव्हर, ज्यात फोनोची सोय आहे, ट्यूनर आहे, आणि पडद्याशी किंवा इंटरनेटशी ज्याचा काही संबंध नाही. तो स्वस्त पडला, म्हणून स्पीकर मनाजोगे घेता आले. मोबाइलवरचे गाणे आणण्यासाठी बोटभर लांबीचे वेगळे साधन मागच्या खोबणीत जोडले. ते चार वर्षांनी निकामी झाले तर फेकून देता येईल. बाकीचे जागच्या जागी राहील. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची खाच रुंद असते, म्हणून त्यांच्यासाठी जाड टोकाची दुसरी सुई घ्यायला सांगितली. दीर्घ मुद्रिकेची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर अधिक ऐकवते.

दोन महिन्यांनी त्यांचे पत्र आले. आईंच्या सोयीसाठी त्यांनी ट्यूनर आकाशवाणीवर लावून ठेवला आहे आणि चालू करण्याच्या बटणावर कुंकवाचा ठिपका दिला आहे. पहाटे त्या उठतात, ठिपका चाचपतात आणि रेडिओ लावतात. कुणाला हाक मारावी लागत नाही. पुढे त्यांनी लिहिले होते, "वडिलांची एक दीर्घ मुद्रिका लहानपणापासून मला तोंडपाठ आहे, असे मी समजत होतो. परवा ती लावली तर गाण्याच्या तळाशी तंबोऱ्याचा खर्ज संथपणे चालू होता. त्या झाकणातल्या स्पीकरवर तो कधी ऐकूच आला नव्हता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, हे एवढे सगळे त्या तबकडीत होते?"